मुरुमाच्या रस्त्याचा खडबडीतपणा: आकडा कसा काढायचा आणि कितपत मानायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या उपविभागात चाळीसेक किलोमीटर मुरुमाचे आणि खडीकरणाचे रस्ते आहेत. त्यांची अवस्था आकड्यांत मांडून दुरुस्तीचा क्रम लावा, असं वरून सांगितलंय. तुम्ही मोबाईलवर खडबडीतपणा मोजणारं अ‍ॅप टाकलं, जीपमधून फिरलात, आणि तीन किलोमीटरच्या एकाच रस्त्याचा आयआरआय (इंटरनॅशनल रफनेस इंडेक्स, खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय आकडा; जितका मोठा तितका रस्ता वाईट) सकाळी ७.२ आला, दुपारी १०.८. यातला खरा कोणता, आणि बम्प इंटिग्रेटर (जीपमागे ओढून खडबडीतपणा मोजायचं यंत्र) भाड्याने आणावा का?

बम्प इंटिग्रेटर आणू नका, कारण पुढे सांगतो. आधी ७.२ आणि १०.८ चं भांडण मिटवू. गाडी तीच, फोन तोच, रस्ता तोच, एवढं तुम्ही लिहिलंय. वेग लिहिलेला नाही. माझा अंदाज असा की सकाळी घाईत ड्रायव्हर पन्नास-पंचावन्नने गेला, दुपारी जेवून निवांत तीसने आला. आणि त्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या नळ्या पडलेल्या आहेत.

नळ्यांची गंमत वडापवाल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. हळू गेलं की हाडं खिळखिळी होतात, जरा वेग धरला की गाडी तरंगत जाते. यामागचा हिशोब सोपा आहे. दोन उंचवट्यांमधलं अंतर ७० सेंटिमीटर धरा. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे चाकाला सेकंदाला जवळपास १२ ठोके. मोटारीचं चाक आणि ॲक्सल यांचा स्वतःचा नाचायचा तालही सेकंदाला दहा-बारा वेळाच असतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी हात लावल्यावर तो जसा वर जातो तसं चाकाचं होतं. पंचावन्नच्या वेगाला ठोके बावीसच्या घरात जातात. चाकाला खाली उतरायला सवड मिळत नाही, ते माथ्यावरून माथ्यावर पळतं. फोन बिचारा आतले धक्के मोजतो. वेग जास्त म्हणून धक्के जास्त, असं धरून अ‍ॅपने दुरुस्ती केली असेल तर सकाळचा आकडा आणखी खाली ओढला जातो.

म्हणजे तुमचे दोन्ही आकडे फोनच्या दृष्टीने बरोबर आहेत. फक्त त्यांना आयआरआय म्हणता येत नाही.

आयआरआय ही मुळात संगणकातल्या एका गाडीची गोष्ट आहे. १९८२ साली ब्राझीलमध्ये, ब्राझिलियाच्या परिसरात, जागतिक बँकेच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांची यंत्रं एकत्र आणून ४९ तुकड्यांवर फिरवली. त्यातले जवळपास निम्मे तुकडे खडीचे आणि मातीचे होते. ‘आयआरआय हे हायवेचं खूळ आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो. त्या प्रयोगातून ठरलं की रस्त्याचा उभा छेद घ्यायचा, त्यावरून एक चाक, एक स्प्रिंग, एक शॉक अ‍ॅब्सॉर्बर एवढीच असलेली काल्पनिक गाडी ताशी ८० किमीने चालवायची, आणि तिचं सस्पेन्शन एकूण किती वरखाली झालं ते मोजून अंतराने भागायचं. म्हणून एकक मीटर प्रति किलोमीटर. ही गाडी साधारण सव्वा मीटरपासून तीस मीटरपर्यंत लांबीच्या चढउतारांना दाद देते, त्यातही अडीच मीटर आणि पंधरा मीटरच्या आसपास जास्त. ७० सेंटिमीटरच्या नळ्यांवर तिला सेकंदाला ३२ ठोके बसतात, आणि तेवढे ती जवळजवळ गिळून टाकते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. नळ्या पडलेल्या रस्त्याचा अगदी काटेकोर मोजलेला आयआरआयसुद्धा, दुधाचे कॅन घेऊन वीसच्या वेगाने जाणाऱ्या माणसाला जे भोगावं लागतं त्यापेक्षा सौम्य येतो. हा मोजणाऱ्याचा दोष नाही, मापाचा स्वभाव आहे. म्हणून माझ्या नोंदवहीत खडबडीतपणाच्या आकड्याशेजारी ‘नळ्या: आहेत/नाहीत, अंतर, खोली’ असा रकाना असतोच. तीन मीटरची सरळ पट्टी आणि पाचर एवढं सामान त्याला पुरतं.

आता मोजायचं कशाने. ऑटो लेव्हल आणि स्टाफ (पातळी बघायची दुर्बीण आणि आकडे लिहिलेली उभी पट्टी) घेऊन दर २५ सेंटिमीटरला वाचन घेतलं तर आयआरआय उत्तम निघतो, पण एका चाकोरीच्या किलोमीटरला चार हजार वाचनं होतात. मी आयुष्यात ते दोनदा केलंय, तिसऱ्यांदा करणार नाही. लेसरवालं वाहन हायवेला ठीक, तुमच्या बजेटात बसणारं नाही. बम्प इंटिग्रेटर म्हणजे जीपमागे ओढायचं पाचवं चाक, ताशी ३२ किमीने. आपल्याकडे डांबरी रस्त्यांसाठी तेच जास्त माहितीचं आहे, आणि त्याचे मिमी प्रति किमी आयआरआयमध्ये आणायचं सूत्रही सगळ्यांना पाठ असतं: बीआय (म्हणजे बम्प इंटिग्रेटरचा आकडा) = ६३० × आयआरआयचा १.१२ वा घात. आयआरआय ८ असेल तर बीआय साडेसहा हजारांच्या आत-बाहेर. पण खड्डे आणि सुटे दगड असलेल्या रस्त्यावर ते चाक उडतं, आणि उडालेलं चाक रस्ता मोजत नाही. भाडं भरून तुम्हाला वर्कशॉपचं बिलही मिळेल.

तुमच्या कामाला मर्लिन पुरे. ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेने विकसनशील देशांसाठी १९९१ च्या सुमारास मांडलेलं हे साधन आहे. दिसायला हातगाडीसारखं: पुढे सायकलचं चाक, मागे टेकायचा पाय, दोन्हींमध्ये १.८ मीटर अंतर, आणि बरोबर मध्ये जमिनीला लागणारा एक काटा. काट्याची हालचाल दांड्याने दहापट होऊन वरच्या कागदावरच्या दर्शकापर्यंत पोचते. चौकोनी नळी, सायकलचं चाक, दोन बेअरिंग. आमचं मर्लिन तालुक्याच्या एका ट्रॉली बनवणाऱ्या वेल्डिंगवाल्याने दोन दिवसांत करून दिलं. त्याने ‘साहेब, यात माल कुठं भरायचा?’ असं विचारलं होतं.

वापर असा. टायरवर रंगाची खूण करा. चाकाचा एक फेरा झाला, खूण खाली आली, की हँडल सोडून पाय टेकवा, दर्शक जिथे थांबला त्या रकान्यात फुली मारा. उचला, पुढचा फेरा. प्रत्येक वेळी खूण खालीच हवी, कारण टायर कधीच पूर्ण गोल नसतो. २०० फुल्या झाल्या की साधारण चारशे मीटर झाले. कागदावर फुल्यांचा ढीग तयार होतो, मध्ये उंच, कडांना उतरता. दोन्ही टोकांकडून दहा-दहा फुल्या सोडून द्या. उरलेल्या १८० फुल्यांच्या ढिगाची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा, तिला ‘डी’ म्हणतात. मग आयआरआय = ०.५९३ + ०.०४७१ × डी. डी १५० आला तर ७.६६. हे सूत्र डी ४२ ते ३१२ एवढ्या पट्ट्यासाठी आहे, म्हणजे आयआरआय अडीचच्या जवळपासपासून सोळाच्या जवळपासपर्यंत. आपले कच्चे रस्ते बहुतेक त्यातच बसतात.

दिवसाची सुरुवात तपासणीने करा. सपाट फरशीवर मर्लिन उभं करा, काट्याखाली सहा मिलिमीटरची पट्टी सरकवा, दर्शक साठ मिलिमीटर हलला पाहिजे. सत्तावन्नच हलला तर त्या दिवसाच्या प्रत्येक डीला ६० ने गुणून ५७ ने भागा. बेअरिंग ढिलं झालं की हा फरक वाढत जातो. एका कामावर आम्ही ही तपासणी आठवडाभर केली नाही आणि अकरा किलोमीटर पुन्हा चालावे लागले. उन्हाळा होता, तेव्हापासून विसरलो नाही.

मर्लिनचीही एक आंधळी जागा आहे. चाक आणि पाय १.८ मीटरवर, काटा ०.९ मीटरवर. नळ्या नेमक्या ९० सेंटिमीटरवर असतील तर चाक, काटा आणि पाय तिन्ही एकाच वेळी माथ्यावर किंवा तिन्ही खोलगटात बसतात. दर्शक हलत नाही, रस्ता काचेसारखा गुळगुळीत दिसतो. उलट नळ्या ६० सेंटिमीटरवर असतील तर चाक आणि पाय माथ्यावर असताना काटा खोलात जातो, आणि मर्लिन त्या दुप्पट करून दाखवतं. म्हणून आधी टेप काढा, दहा नळ्यांचं अंतर मोजा, दहाने भागा. ८५ ते ९५ सेंटिमीटर आलं तर त्या तुकड्यावर मर्लिनच्या आकड्यावर विसंबू नका.

चाळीस किलोमीटर मर्लिनने चालायची गरज नाही. फोन टाकूनही देऊ नका, त्याला मर्लिनच्या ताब्यात द्या. चांगल्यापासून वाईटापर्यंत असे सहा-सात तुकडे निवडा, प्रत्येकी तीनशे-चारशे मीटरचे. त्यांवर दोन्ही चाकोऱ्यांत मर्लिन चालवा आणि सरासरी घ्या. मग त्याच दिवशी, त्याच जीपने, ताशी ३० चा काटा न हलवता प्रत्येक तुकड्यावरून फोन पाच वेळा फिरवा. आलेख काढा: आडवा फोनचा आकडा, उभा मर्लिनचा आयआरआय. बिंदूंमधून जी रेघ जाते ती तुमच्या जीपची, तुमच्या फोनची आणि त्या वेगाची. शेजारच्या उपविभागाला ती उसनी देऊ नका. टायर बदलले, शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले, मागे सिमेंटची पोती टाकली, तर रेघ नव्याने काढायची. फोन काचेला घट्ट बसवलेल्या स्टँडवर हवा. डॅशबोर्डवर रुमाल अंथरून ठेवलेला फोन रुमाल मोजतो.

आणि ड्रायव्हर. चांगला ड्रायव्हर हा या कामातला सगळ्यात मोठा घोटाळा आहे. आमचे एक काका होते, तीस वर्षं जीप चालवलेली. खड्डा समोर आला की हात आपोआप वळायचा. ज्या रस्त्यावर गुडघाभर खड्डे होते त्याचा आकडा त्यांच्या हाताखाली ६ यायचा. त्यांना ‘काका, आज खड्ड्यातून घ्या’ असं सांगणं म्हणजे त्यांचा अपमानच होता. शेवटी खड्ड्यांच्या रस्त्यावर फोनचा नाद सोडून आम्ही दर शंभर मीटरला खड्डे मोजू लागलो. खड्डे चुकवता येतात, नळ्या चुकवता येत नाहीत. फोन नळ्यांना चांगला, खड्ड्यांना वाईट, हे एवढं ध्यानात ठेवा.

सरासरीचा मोहही टाळा. तीन किलोमीटरला एकच आकडा दिला की नाल्याजवळचे वाईट दोनशे मीटर त्यात बुडून जातात, आणि रस्ता बंद पडतो तो तिथेच. शंभर-शंभर मीटरचे आकडे ठेवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डांबरी रस्त्याचा खडबडीतपणा वर्षांच्या हिशोबाने वाढतो, मुरुमाच्या रस्त्याचा आठवड्यांच्या. ब्लेड मारलं, म्हणजे ग्रेडरच्या किंवा ट्रॅक्टरच्या पात्याने रस्ता खरवडून सारखा केला, की आकडा खाली येतो, रहदारी आणि ऊन-पाऊस त्याला परत वर नेतात, पुन्हा ब्लेड, पुन्हा खाली. आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. तुम्ही मोजायला गेलात त्या दिवशी दात्याच्या कुठल्या टोकाला होतात हे माहीत नसेल तर ९ या आकड्याचा काही अर्थ लागत नाही. शेवटचं ब्लेड कधी मारलं, त्यानंतर पाऊस झाला का, उसाच्या ट्रॉल्या चालू आहेत का, हे तीन शब्दांत का होईना, प्रत्येक आकड्यासोबत लिहा.

हे मी ठेच लागून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका जिल्ह्यात आम्ही फेब्रुवारीत मोजणी करून प्राधान्यक्रम लावला. एक रस्ता ४.५ घेऊन सगळ्यांत चांगला ठरला, म्हणून त्याला निधी शून्य. त्या रस्त्यावरून पंधरा दिवसांपूर्वी कुणा मोठ्या पाहुण्यांचा दौरा गेला होता आणि आदल्या रात्री ट्रॅक्टरचं ब्लेड फिरवलं होतं. आम्हाला कुणी बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. जुलैत पहिल्या मोठ्या पावसात तो रस्ता दोन ठिकाणी वाहून गेला. त्याला पाठच उरली नव्हती: मधोमध खोलगट, दोन्ही बाजूंना ब्लेडने सारलेल्या मातीचे बांध, बाजूची चर बुजलेली. पाणी रस्त्यावरूनच चाललं. ४.५ हा आकडा मात्र अगदी बरोबर होता.

म्हणून खडबडीतपणासोबत आणखी तीन मापं घ्या, सगळी स्वस्त आहेत. पहिलं कॅम्बर, म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून कडेकडे पाणी जायला दिलेला उतार. दोरी आणि पाणसळ घेऊन मध्य आणि कड यांतला फरक मोजा. ३ मीटर रुंद रस्त्याला ४ टक्के उतार म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ६० मिलिमीटर. वीसच आला तर पाणी साचणार, शून्याखाली गेला तर रस्ता म्हणजे ओढाच. दुसरं मुरुमाची जाडी. दर किलोमीटरला तीन छोटे खड्डे करा, मध्ये आणि दोन्ही चाकोऱ्यांत. रहदारीच्या रस्त्यावर वर्षाला एक ते तीन सेंटिमीटर मुरूम धुळीत आणि पाण्यात जातो. पाच सेंटिमीटरच उरला असेल आणि खाली काळी माती असेल, तर आजचा आयआरआय ५ असला तरी पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर रुतणार. तिसरं बाजूची चर आणि मोऱ्या: तोंड उघडं आहे की बुजलेलं, एवढंच.

मुरुमाबद्दल दोन शब्द जास्त, कारण नळ्या परत परत का येतात याचं उत्तर तिथे आहे. पूर्व आफ्रिकेत काही वर्षं काम केलं, तिथेही लोक या मालाला ‘मरम’ म्हणतात, ऐकून घरी असल्यासारखं वाटायचं. तिथे आम्ही दक्षिण आफ्रिकेची पद्धत वापरायचो. ०.४२५ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला माल ओला करून साच्यात भरतात आणि वाळल्यावर पट्टी किती टक्के आखडली ते पाहतात. तो आकडा गुणिले त्या चाळणीतून गेलेल्या मालाचा टक्का. गुणाकार १०० ते ३६५ मध्ये असावा. शंभराच्या खाली म्हणजे मालात चिकटपणा नाही, खडी सुटणार आणि नळ्या पडणार, कितीही ब्लेड मारा. ३६५ च्या वर म्हणजे पावसात घसरगुंडी. जोडीला खडीचा दर्जा पाहणारा दुसरा आकडा असतो: २६.५ च्या चाळणीतून गेलेला टक्का वजा २ मिलिमीटरमधून गेलेला, गुणिले ४.७५ मधून गेलेला, भागिले १००. तो १६ ते ३४ मध्ये हवा. या दोन चाचण्या जिल्ह्याच्या कुठल्याही मटेरियल लॅबमध्ये होतात. तुमचा १०.८ वाला रस्ता यातून पाठवून बघा. माझी शंका अशी की माल वाळूसारखा निघेल. तसं असेल तर त्या रस्त्याला ब्लेड नको, चिकट मुरूम मिसळून, पाणी मारून दबाई हवी.

क्रम लावायचे माझे स्वतःचे ठोकताळे देतो, नियम म्हणून नको, सुरुवात म्हणून घ्या. आयआरआय ६ च्या आत आणि कॅम्बर शाबूत: हात लावू नका. ६ ते १०: ब्लेडच्या यादीत, पण आधी चरी उघडा. १० ते १४: ब्लेड मारून महिन्याने पुन्हा मोजा, परत तिथेच आला तर मालाची तपासणी. १४ च्या वर: मोजत बसू नका, उतरून बघा, तिथे बहुधा खालचं काहीतरी गेलेलं असतं. आणि आकडा कितीही असो, कॅम्बर उलटा किंवा मुरूम सात सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तो रस्ता यादीत दोन पायऱ्या वर. साहेबांना एकच आकडा हवा असेल तर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्यासारखा, आरामात जाता येणाऱ्या वेगावरून १ ते ५ चा अंक द्या. अ‍ॅपच्या दशांश चिन्हाइतका तो रुबाबदार दिसत नाही, पण फसवतही नाही.

मोजणी वर्षातून दोनदा करा, पाऊस थांबून वाफसा झाल्यावर नोव्हेंबरात, उसाच्या ट्रॉल्या फिरू लागायच्या आधी जमलं तर उत्तम, आणि मग मेच्या पहिल्या पंधरवड्यात. मर्लिन बनवायला टाकाल तेव्हा वेल्डिंगवाल्याला सांगा की काट्याचा दांडा दोन ठिकाणी अडकवता यायला हवा, एक दहापट आणि एक पाचपट. फार वाईट रस्त्यावर दर्शक कागदाबाहेर जातो, तेव्हा पाचपटवर घ्यायचं आणि आलेल्या डीची दुप्पट करायची. आमच्या पहिल्या मर्लिनला ती सोय नव्हती, आणि पहिल्याच वाईट रस्त्यावर अर्ध्या फुल्या हवेत मारल्या होत्या.